चाचणीच्या नावाखाली विनामोबदला काम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरबसल्या करता येणाऱ्या मुक्त व्यवसायांविषयी आपल्या दैनिकाच्या पुरवण्यांमधून अलीकडे बरेच लिहून येते. इंग्रजीतून मराठीत अनुवाद करणे हाच गेली अनेक वर्षे माझ्या चरितार्थाचा उद्योग असल्यामुळे मी ते लक्षपूर्वक वाचते. प्रोफाइल कशी असावी, दर कसा सांगावा, प्राप्तिकराचे विवरणपत्र कसे भरावे, याबद्दलचा त्यातील सल्ला उपयोगी असतो; मात्र काम मिळण्याच्या अगदी तोंडावर जो प्रकार सर्रास घडतो, त्याविषयी त्यात अवाक्षरही नसते. नवा क्लायंट काम देण्यापूर्वी ‘एक छोटीशी टेस्ट’ करून मागतो, तिचे पैसे देत नाही, आणि बहुतेक वेळा ती छोटीशीही नसते. या प्रकाराला आळा कसा घालता येईल, याविषयी काही मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते नेहमीच्या पत्रांपेक्षा लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

प्रारंभीच स्पष्ट करते की चाचणी घेण्यालाच माझा विरोध नाही. मोठे काम हाती आले की मीही इतर अनुवादकांची मदत घेते, आणि तेव्हा समोरच्याचा हात कसा आहे हे कळल्याखेरीज त्याच्यावर काम सोपवणे मलाही धाडसाचे वाटते. अर्जासोबत आलेला नमुना अर्जदाराचाच असेल याची खात्री नसते. चांगल्या अनुवादकाला आपले उत्तम काम गोपनीयतेच्या करारामुळे दाखवता येत नाही. आणि यंत्राने केलेल्या अनुवादावरून हात फिरवून तो स्वतःचा म्हणून पाठवणारेही आता पुष्कळ भेटतात. शितावरून भाताची परीक्षा करायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. हरकत आहे ती परीक्षेच्या निमित्ताने पोटभर जेवून उठणाऱ्यांना.

असे जेवून उठणारे कसे ओळखावेत, हे मला एका भाषांतर-संस्थेच्या पत्रव्यवहारातून नीट कळले. तिने मला विम्याच्या माहितीपुस्तिकेतील सुमारे बाराशे शब्दांचा मजकूर चाचणी म्हणून पाठवला होता. मजकूर एका वाक्याच्या मध्येच सुरू होत होता आणि तसाच मध्येच संपत होता, शिवाय तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतच हवा होता. चाचणीला एवढी घाई कशासाठी, असा प्रश्न पडल्याने मी परिचयातील इतर अनुवादकांकडे चौकशी केली, तेव्हा त्यांच्यापैकी काहींनाही त्याच संस्थेकडून ‘चाचणी’ आलेली होती आणि एकीचा तुकडा जिथे संपत होता तिथून माझा सुरू होत होता. मी माझा नेहमीचा दर कळवून तेवढ्या मजकुराचे काम करण्याची तयारी दाखवली; त्यावर उत्तर आले नाही. पुढे ती पुस्तिका छापून आली, तेव्हा तिच्यात एकाच माणसाला कुठे ‘पॉलिसीधारक’, कुठे ‘विमेदार’ आणि कुठे ‘विमाधारक’ म्हटलेले होते. दहा हातांनी, एकमेकांची परिभाषा ठाऊक नसताना, केलेल्या कामाचे याहून वेगळे काय होणार? विम्याच्या कागदपत्रात संज्ञा बदलली की अर्थाविषयी वाद उत्पन्न होऊ शकतो, हे त्या संस्थेच्या मूळ ग्राहकाला कोणी सांगितले असेल असे वाटत नाही.

या प्रसंगावरून मी एक साधी कसोटी मनाशी धरली आहे आणि ती अन्य व्यवसायांनाही लागू पडेल असे मला वाटते. खरी चाचणी सर्व उमेदवारांना सारखीच असते. ज्याला निवड करायची आहे, त्याला पाच जणांची उत्तरे एकाच फूटपट्टीने मोजायची असतात, म्हणून तो सर्वांना एकच उतारा देतो, आणि तो उताराही बहुधा आधीच अनुवादित होऊन तपासून झालेला असतो, कारण त्यातील अडचणीच्या जागा कोणत्या आणि त्यांचे चांगले उत्तर काय, हे परीक्षकाला ठाऊक असावे लागते. अडीचशे-तीनशे शब्दांत अनुवादकाची समज, शब्दकळा, व्याकरण आणि शिस्त यांपैकी जे दिसायचे ते दिसून जाते. पुढच्या हजार शब्दांत परीक्षकाला नवे काही कळत नाही. उलट ज्या चाचणीत प्रत्येकाला निराळा मजकूर दिला जातो, जिला ग्राहकाच्या कामाची डेडलाइन जोडलेली असते, आणि जिच्यात ‘अंतिम स्वरूपात, छपाईयोग्य’ फाइल मागितली जाते, ती चाचणी नसून काम आहे. अनुवादसेवेसाठी २०१५ मध्ये निश्चित झालेल्या आयएसओ १७१०० या आंतरराष्ट्रीय मानकातही अनुवादकाची पात्रता पाहण्याचे मार्ग दिलेले आहेत, आणि ते अनुवादाची पदवी, किंवा अन्य विषयातील पदवीसह दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव, किंवा पाच वर्षांचा पूर्णवेळ अनुभव, असे कागदोपत्री पुराव्याचे आहेत. आपण या मानकानुसार काम करतो असे संकेतस्थळावर अभिमानाने लिहिणाऱ्या संस्थाही दहा-पंधरा वर्षे काम केलेल्या माणसाकडे पुन्हा दीड हजार शब्द फुकट मागतात, तेव्हा त्यांना हे मानक दाखवायला हरकत नाही.

अनुवादाचे उदाहरण मी माझ्या परिचयाचे म्हणून घेतले. लोगो करणाऱ्या चित्रकाराला ‘तीन पर्याय दाखवा, आवडला तर काम देऊ’ असे सांगितले जाते. समाजमाध्यमांचे काम पाहणाऱ्याकडून संपूर्ण महिन्याचे कंटेंट कॅलेंडर मजकुरासह करून घेतले जाते. व्हिडिओ संपादकाला कच्चे चित्रण पाठवून ‘एक रील एडिट करून दाखवा’ म्हणतात आणि चार दिवसांनी तेच रील दुकानाच्या पानावर झळकते. प्रोग्रॅमरला आठवडाभराचे ‘असाइनमेंट’ मिळते, ज्यातून चालते-बोलते ॲप तयार होते. मराठी मालिकांसाठी लिहू पाहणाऱ्यांना वनलाइनपासून सॅम्पल एपिसोडपर्यंत काय काय लिहून द्यावे लागते, हे त्या क्षेत्रातील मंडळीच अधिक अधिकाराने सांगतील. आवाजाचे काम करणाऱ्यांची अडचण तर आता निराळीच झाली आहे. पूर्वी व्हॉइस टेस्ट म्हणून दोन ओळी वाचून दिल्या की काम भागत असे. आज पानेच्या पाने वाचून मागितली जातात आणि त्या ध्वनिमुद्रणाचे पुढे काय होणार हे वाचणाऱ्याला कळवलेही जात नाही, जेव्हा आवाजाची नक्कल करणारी यंत्रणा शिकवण्यासाठी नेमका असाच साठा लागतो.

आमच्या क्षेत्रात आणखी एक प्रकार आहे, जो बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. एखादी संस्था मोठ्या कामासाठी निविदा भरते, निविदेसोबत नमुना अनुवाद आणि अनुवादकांची माहितीपत्रे जोडावी लागतात, आणि ती संस्था त्यासाठी चांगल्या, अनुभवी अनुवादकांकडून ‘चाचणी’ करून घेते व त्यांची माहितीपत्रेही मागवते. नमुना उत्तम असल्याने काम संस्थेला मिळते. पण प्रत्यक्ष काम मात्र ज्यांनी नमुना केला त्यांच्याकडे न येता निम्म्याहून कमी दरात करणाऱ्यांकडे, किंवा आजकाल थेट यंत्राकडे जाते. यात अनुवादकाचे नुकसान तर होतेच, परंतु ज्याने नमुना पाहून काम दिले त्या बँकेची, विद्यापीठाची किंवा शासकीय विभागाचीही ही उघड फसवणूक असते. अभियांत्रिकीची पाठ्यपुस्तके मराठीत आणण्याचे प्रयत्न सुरू असताना आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यानंतर अनुवादाच्या प्रकल्पांची अपेक्षा वाढलेली असताना, या प्रकाराकडे काम देणाऱ्यांनीच अधिक बारकाईने पाहायला हवे.

आता प्रश्न असा, की अशी मागणी आली तर काय करावे. ‘सरळ नाही म्हणावे’ हा सल्ला द्यायला सोपा आहे आणि ज्यांच्याकडे पुरेसे काम आहे त्यांना तो परवडतोही. इतरांसाठी कायद्याने काय दिले आहे ते जाणून घेणे अधिक उपयोगाचे ठरेल, आणि ते वाटते त्यापेक्षा बरेच आहे.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता असतो. नोकरीच्या करारान्वये केलेले काम मालकाचे होते, आणि मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्रासारख्या काही कृतींचा हक्क, उलट करार नसल्यास, ती काढून घेणाऱ्याकडे जातो. परंतु विनामोबदला चाचणीत नोकरीही नसते आणि मोबदलाही नसतो, त्यामुळे हे दोन्ही अपवाद तिथे लागूच होत नाहीत. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ प्रमाणे तो लेखी आणि देणाऱ्याच्या सहीनिशी द्यावा लागतो, आणि त्या लेखात कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात, हे नमूद असणे कायद्याला अपेक्षित आहे. ‘पाठवलेली चाचणी ही कंपनीची मालमत्ता होईल’ अशी एक ओळ मेलच्या तळाशी टाकली की काम आपले झाले, असे जे पुष्कळ क्लायंट समजतात, ते या कलमापुढे टिकणे कठीण आहे. अनुवादाच्या बाबतीत थोडी गुंतागुंत आहे, कारण मूळ मजकूर क्लायंटचा असतो आणि त्याच्या परवानगीवाचून अनुवादकाला आपला अनुवाद अन्यत्र प्रसिद्ध करता येत नाही. पण त्याचा अर्थ असा नव्हे, की अनुवाद आपोआप क्लायंटचा होतो. अनुवादकाच्या संमतीवाचून त्यालाही तो वापरता येत नाही, आणि नेमकी हीच बाब चाचणी पाठवतानाच्या मेलमध्ये लिहून ठेवण्यासारखी आहे.

कल्पनांची गोष्ट अधिक अवघड आहे. कॉपीराइट मांडणीला मिळतो, नुसत्या कल्पनेला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात स्पष्ट केले, आणि म्हणून मालिकेची संकल्पना, जाहिरातीची कल्पना किंवा मोहिमेचा आराखडा देणारा माणूस अधिक उघडा पडतो. तथापि तिथेही मार्ग अगदीच बंद नाही. झी टेलिफिल्म्स विरुद्ध संडायल कम्युनिकेशन्स या प्रकरणात २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, विश्वासाने सांगितलेल्या मालिकेच्या संकल्पनेचा परस्पर वापर हा कॉपीराइटपासून स्वतंत्र असा विश्वासभंगाचा प्रश्न मानून, संकल्पना मांडणाऱ्या निर्मितीसंस्थेच्या बाजूने दिलेला अंतरिम मनाई हुकूम कायम ठेवला. अशा प्रकरणांत निकाल बराचसा कागदांवर अवलंबून असतो: संकल्पना नेमकी कोणती होती, ती कोणाला, कोणत्या तारखेला, कोणत्या हेतूने दिली आणि ती गोपनीय आहे हे त्याला सांगितले होते का. म्हणून बैठकीत तोंडी सांगण्यापूर्वी चार ओळींचा मेल पाठवणे, कागदावर ‘गोपनीय’ लिहिणे आणि पटकथेच्या क्षेत्रातील लेखकांनी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे लेखनाची नोंदणी करून ठेवणे, या गोष्टी कंटाळवाण्या असल्या तरी टाळू नयेत.

भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ७० मला या संदर्भात सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि आश्चर्य म्हणजे मुक्त व्यावसायिकांच्या चर्चांमध्ये ते क्वचितच ऐकू येते. एखाद्याने कायदेशीरपणे दुसऱ्यासाठी काही केले, ते फुकट करण्याचा त्याचा हेतू नव्हता, आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने भरपाई दिली पाहिजे, असे हे कलम सांगते. वाद उत्पन्न झाला की क्लायंट अर्थातच म्हणणार, की तुम्ही ते राजीखुशीने फुकट केले होते. त्याच्या या उत्तराची वाट आधीच बंद करायची असेल तर चाचणी पाठवताना असे काही लिहावे: ‘सोबतचा मजकूर केवळ माझ्या कामाच्या मूल्यमापनासाठी पाठवत आहे. त्याचा पूर्णतः किंवा अंशतः प्रत्यक्ष वापर, प्रकाशन, तिसऱ्या पक्षाला हस्तांतरण अथवा संगणकीय प्रणालीच्या प्रशिक्षणासाठी उपयोग करायचा झाल्यास माझी लेखी संमती घ्यावी लागेल आणि प्रतिशब्द अमुक रुपये या दराने देयक लागू होईल.’ या तीन-चार ओळींनी कोणी प्रामाणिक क्लायंट दुरावल्याचे मी पाहिलेले नाही. ज्यांचा हेतूच निराळा असतो, ते मात्र या ओळी वाचून अनेकदा निरुत्तर होतात आणि पुन्हा संपर्क करत नाहीत, हाही एक प्रकारचा फायदाच म्हणायचा. चित्रकारांनी कमी रिझोल्यूशनची, वॉटरमार्क असलेली प्रत पाठवावी, संपादकांनी रीलवर आपले नाव ठेवावे, हे सल्ले याच जातीचे आहेत.

मात्र न्यायालयाची पायरी चढून बाराशे शब्दांचे पैसे वसूल करायला कोणी जाणार नाही, हे मलाही कळते. वकिलाच्या नोटिशीचा खर्चच त्याहून अधिक होईल. म्हणूनच माझे खरे म्हणणे कायद्याच्या कलमांपाशी थांबत नाही. माझे म्हणणे असे आहे, की अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागणाऱ्या प्रत्येक चाचणीला किंमत असावी, मग ती थोडी का असेना. कारण किंमत ठरली की त्या व्यवहाराचे स्वरूपच बदलते. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा, २००६ मध्ये ‘खरेदीदार’ कोणाला म्हणावे याची व्याख्या आहे आणि ती मोबदल्याच्या बदल्यात वस्तू वा सेवा घेणाऱ्यापुरती आहे. फुकट चाचणी घेणारा या व्याख्येत बसत नाही. पाचशे रुपये ठरवून चाचणी घेणारा बसतो. मुक्त व्यावसायिकाने १ जुलै २०२० पासून सुरू असलेल्या उद्यम नोंदणीत सेवा देणारा सूक्ष्म उपक्रम म्हणून आपली नोंद आधीच करून ठेवली असेल, तर अशा देयकाला कलम १५ ची ४५ दिवसांची कमाल मर्यादा लागू होते, उशीर झाल्यास कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते, आणि तक्रारीसाठी राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाता येते. ही सगळी यंत्रणा पाचशे रुपयांसाठी प्रत्यक्ष वापरावी असे मी सुचवत नाही. पण पाचशे रुपयांच्या चाचणीची पर्चेस ऑर्डर निघाली, तर पुढच्या पन्नास हजारांच्या कामाचीही लेखी ऑर्डर निघण्याची सवय क्लायंटच्या लेखा विभागाला लागते, आणि ज्याच्याकडून पाचशे रुपये निघत नाहीत, त्याच्याकडून पन्नास हजार कसे निघतील, याचा अंदाज आपल्याला आधीच येतो.

किंमत लावण्याचा दुसरा परिणाम क्लायंटच्या बाजूने होतो. चाचणी फुकट असेपर्यंत ती पन्नास जणांना पाठवायला काहीच लागत नाही, म्हणून ती पन्नास जणांना जाते आणि त्यांपैकी अनेकांची उत्तरे कोणी उघडूनही पाहत नाही. प्रतिशब्द दोन रुपये दर धरला तर तीनशे शब्दांच्या चाचणीचे सहाशे रुपये होतात. पाच उमेदवारांचे तीन हजार. एवढा खर्च करायचा म्हटले की क्लायंट आधी माहितीपत्रे वाचतो, जुने काम पाहतो, एखादा फोन करतो, मगच पाच जणांची निवड करतो. जी छाननी त्याने स्वतः करायला हवी होती, तिचा भार आज उमेदवारांच्या फुकट श्रमांवर टाकलेला आहे, एवढाच याचा अर्थ. ‘आम्ही छोटी कंपनी आहोत, चाचणीचे पैसे परवडत नाहीत’, असे सांगणाऱ्यांना मी नम्रपणे विचारते, की चाचणीसाठी तीन हजार परवडत नसतील तर मग पुढचे काम कशाच्या बळावर देणार आहात? ॲप्रेंटिस कायदा, १९६१ खाली काम शिकायला आलेल्या उमेदवारालासुद्धा विद्यावेतन द्यावे लागते. काम येणाऱ्याने मात्र ते येते हे सिद्ध करण्यासाठी राबावे आणि काही मागू नये, ही अपेक्षा विसंगत आहे.

याबाबत एक चांगले उदाहरण आपल्याच देशात, तेही शासनाने घालून दिलेले आहे. रुपयाच्या चिन्हासाठी २००९ मध्ये केंद्र सरकारने खुली स्पर्धा जाहीर केली आणि तिला तीन हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या. त्यांतून अंतिम फेरीसाठी निवडलेल्या पाच जणांना प्रत्येकी २५ हजार रुपये आणि विजेत्याला अडीच लाख रुपये, असे बक्षीस आधीच ठरलेले होते. २०१० मध्ये आयआयटी मुंबईत शिकणाऱ्या डी. उदय कुमार यांचे चिन्ह स्वीकारले गेले. स्पर्धा हा प्रकारही निर्दोष नाही, कारण त्यात उरलेल्या हजारोंचे श्रम वाया जातातच, आणि व्यावसायिक डिझायनरांच्या अमेरिकेतील एआयजीएसारख्या संघटनेने विनामोबदला आगाऊ काम करून मागण्याविरुद्ध पूर्वीपासून भूमिका घेतलेली आहे. पण निदान नियम आधी जाहीर होते, प्रवेशिका वापरली जाणार तर तिचे किती मिळणार हे ठाऊक होते, आणि न निवडलेल्या अंतिम स्पर्धकांचे हातही रिकामे राहिले नाहीत. एखाद्या दुकानाच्या लोगोसाठी याच तत्त्वावर तीन चित्रकारांना प्रत्येकी हजार-दीड हजार रुपये देणे अशक्य आहे का?

नवोदितांना या सगळ्यात सर्वाधिक झळ बसते. लहान गावात राहून, घरचे सगळे सांभाळून हे काम करू पाहणाऱ्या मुली-स्त्रिया मला विचारतात, की आमच्याकडे दाखवायला जुने कामच नाही, मग चाचणी नाकारून कसे चालेल? त्यांना मी सांगते, की सुरुवातीला फुकट काम करावे लागणार असेल तर ते स्वतःच्या निवडीचे करा. भारतात लेखकाच्या निधनानंतर पुढच्या वर्षारंभापासून साठ वर्षांनी त्याच्या लेखनावरील कॉपीराइट संपतो. असा एखादा इंग्रजी निबंध किंवा कथा घेऊन तिचा हजार शब्दांचा काळजीपूर्वक अनुवाद करा आणि मूळ मजकुरासह तो आपला कायमचा नमुना म्हणून ठेवा. मराठी विकिपीडियावर चांगले लेख लिहा, तिथे तुमच्या नावावर तारीखवार इतिहास राहतो. एकदा केलेला नमुना शंभर क्लायंटना दाखवता येतो. क्लायंटची चाचणी मात्र त्याच्या इनबॉक्सबाहेर कधीच येत नाही. त्यांनी चाचण्या मुळीच देऊ नयेत असे मी म्हणत नाही; सर्वांना सारखी, तीनशे शब्दांच्या आतली, वापरात येणार नाही अशी चाचणी असेल तर ती विनामोबदलाही जरूर द्यावी आणि मनापासून द्यावी.

परदेशी क्लायंटच्या बाबतीत भारतीय कायद्याचा हात तोकडा पडतो, हे खरे. तिथे काम मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचांचे नियम अधिक कामी येतात: अपवर्कवर निवडीसाठी फुकट काम मागणे नियमबाह्य आहे आणि त्याची तक्रार करता येते, तर प्रोझ या अनुवादकांच्या संकेतस्थळावरील ब्लू बोर्डवर एखाद्या संस्थेविषयी अन्य अनुवादकांचा अनुभव काय आहे हे काम घेण्यापूर्वी पाहता येते. न्यूयॉर्क शहराने २०१६ मध्ये आणि त्यानंतर इलिनॉय, कॅलिफोर्निया यांसारख्या राज्यांनी मुक्त व्यावसायिकांसाठी लेखी करार आणि ठराविक मुदतीत पैसे देण्याचे कायदे केले असले, तरी ते ठराविक रकमेच्या वरच्या कामाला लागू होतात; फुकट चाचणीला रक्कमच नसल्याने ती तिथेही निसटते. आपल्याकडे सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग कामगार’ ही संज्ञा कायद्यात आणली, परंतु तिचा रोख सुरक्षा योजनांवर आहे, काम मिळण्यापूर्वीच्या व्यवहारांवर नाही. आपसांत माहिती देण्यासाठी अनुवादकांचे, चित्रकारांचे व्हॉट्सॲप समूह आहेतच आणि त्यांचा मोठा उपयोग होतो. तिथे लिहिताना मात्र घडलेली वस्तुस्थिती, तारीख आणि पत्रव्यवहार एवढ्यावरच थांबावे, ‘चोर’, ‘लुटारू’ अशी विशेषणे टाळावीत, कारण भारतीय न्याय संहितेचे बदनामीविषयक कलम ३५६ अशा समूहातील लेखनालाही लागू होऊ शकते आणि मग मूळ प्रश्न बाजूला पडून आपल्यालाच खुलासे करत बसावे लागते.

राज्य शासनाचे विभाग, महामंडळे आणि विद्यापीठे अनुवादाचे किंवा मांडणीचे काम निविदेने देतात, तेव्हा निविदेत दोन अटी सहज घालता येतील: जोडलेला नमुना ज्या व्यक्तीने केला तिचे नाव व तिला दिलेला मोबदला जाहीर करावा, आणि प्रत्यक्ष काम त्याच व्यक्तीकडून किंवा विभागाच्या लेखी संमतीने नेमलेल्या अन्य व्यक्तीकडून व्हावे. यासाठी नवा कायदा लागत नाही, शासनाचा खर्चही वाढत नाही.

आणि वृत्तपत्रांविषयीही एक विनंती करते, ती आपण गैर मानणार नाही अशी आशा आहे. आपल्याप्रमाणेच अनेक दैनिके पुरवण्यांसाठी अनुवादक, सदरलेखक आणि चित्रकार बाहेरून घेतात, आणि त्यासाठीच्या निवेदनात ‘इच्छुकांनी दोन-तीन लेख नमुन्यादाखल पाठवावेत’ अशी सूचना वाचायला मिळते. नमुन्यातील लेख वा चित्र छापले गेल्यास नेहमीचे मानधन दिले जाईल, आणि अमुक दिवसांत निर्णय न कळवल्यास ते अन्यत्र देण्यास लेखक मोकळा असेल, असे एक वाक्य त्या निवेदनाखाली छापता येईल का, याचा आपल्या संपादक मंडळाने विचार करावा.

कळावे,
आपली विश्वासू,
एक अनुवादिका, पुणे